चार ओळी मादीच्या, दोन नराच्या

ज्वारीच्या बीजोत्पादनाचे शेत लांबूनही ओळखू येते. चार ओळी मादीच्या, दोन नराच्या, पुन्हा चार मादीच्या, आणि शेताच्या कडेने सगळीकडे नराच्याच ओळी. पीक फुलोऱ्यात आले की सकाळी नराच्या कणसावर टिचकी मारावी, पिवळी धूळ उडते. मादीच्या कणसावर मारली तर काहीच उडत नाही. परागकोश तिथेही असतात, पण बारीक, फिकट, सुकून गेलेले. त्यांत पराग नाही. बीजकोश मात्र ठणठणीत असतो, शेजारच्या ओळीतून पराग आला की दाणा भरतो. त्या दाण्यालाच संकरित बियाणे म्हणतात आणि त्याच्या जोरावर जालना शहराने गेली साठ वर्षे देशभर नाव कमावले.

जालन्याच्या बियाणे धंद्याचा इतिहास सांगायचा तर लोक माणसांची, कंपन्यांची, परवान्यांची नावे घेतात. ती घ्यायलाच हवीत. पण या सगळ्यांच्या आधी पेशीतल्या एका दोषाचे नाव घ्यावे, असे मला वाटते. तो दोष बरा करण्यासाठी कोणी धडपडले नाही. उलट पिढ्यान्‌पिढ्या तो जपला, वाढवला आणि विकला गेला.

ज्वारीचे फूल द्विलिंगी. एका कणसात हजार ते तीन हजार दाणे भरतात, म्हणजे तितकीच फुले. संकर करायचा तर प्रत्येक फूल उमलण्याआधी चिमट्याने त्यातले परागकोश काढायला हवेत. प्रयोगशाळेतल्या दहा कणसांसाठी हे जमेल, दहा एकरांसाठी नाही. म्हणून मक्याचा संकर अमेरिकेत १९३०च्या दशकातच शेतात रुळला तरी ज्वारी मागे राहिली. मक्याचा तुरा वर आणि कणीस खाली. तुरा खुडला की काम झाले. ज्वारीत असे काही खुडण्याजोगे नव्हते.

वाट सापडली ती टेक्सासमधल्या चिलिकोथे या छोट्या गावच्या संशोधन केंद्रात. जे. सी. स्टीफन्स आणि आर. एफ. हॉलंड यांनी १९५४ मध्ये एक निबंध छापला. मिलो आणि काफिर या ज्वारीच्या दोन जाती, दोन्ही मूळच्या आफ्रिकेच्या. काफिर आई आणि मिलो बाप असा संकर केला तर पुढच्या पिढ्या नीट परागण करत. उलटे केले, मिलो आई आणि काफिर बाप, तर पुढच्या पिढीत परागाविना झाडे निघत. केंद्रकातली जनुके दोन्ही बाजूंनी सारखीच येतात. मग फरक कशाचा? आईच्या बीजपेशीतून जे येते आणि बापाच्या परागातून येत नाही, त्याचा. म्हणजे पेशीद्रव्याचा.

पेशीद्रव्यात नेमके काय, हे त्या वर्षी कोणाला सांगता आले नसते. १९६१ मध्ये पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने पेशीतल्या ऊर्जेबद्दल एक कल्पना मांडली आणि अनेक वर्षे टीका सोसली. त्याचे म्हणणे असे, की तंतुकणिकांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांच्या, आतल्या पटलातून प्रोटॉन बाहेर ढकलले जातात, बाहेर त्यांची दाटी होते, आणि ते परत आत येताना जी शक्ती मोकळी होते तिच्यावर एटीपी तयार होते. साखर जाळून मिळालेली ऊर्जा पेशी ज्या रेणूत भरून सगळीकडे पोचवते, तो हा एटीपी. सगळा खेळ पटल गळके नसण्यावर. १९७८ मध्ये मिचेलला नोबेल मिळाले. मधल्या काळात, १९६३ मध्ये, स्टॉकहोममध्ये मार्गिट आणि सिल्व्हन नास या दांपत्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतुकणिकांच्या आत डीएनएचे धागे दिसले. तंतुकणिकेला स्वतःची जनुके असतात आणि ज्वारीत, बाजरीत, मक्यात, तशी माणसातही, ती आईकडूनच येतात. मिलोच्या आईपणाचे कोडे इथे सुटायला लागले.

याच सुमारास जालन्यात वेगळीच खटपट चालू होती.

जालना निजामी राज्यातली जुनी बाजारपेठ. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मोंढ्यातली कापसाची आणि धान्याची उलाढाल पाहूनच पडली असावी. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्रात. जालना जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडावा लागला; तोवर ते औरंगाबाद जिल्ह्यातलेच तालुक्याचे गाव. या गावात बद्रीनारायण बारवाले नावाचा तरुण शेती करत होता. जन्म १९३१चा, हिंगोलीचा. विद्यार्थिदशेत निजामविरोधी लढ्यात उतरलेला. दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेली ‘पुसा सावनी’ ही भेंडीची जात त्याने लावली. भेंडीची पाने पिवळी करून झाड बसवणाऱ्या विषाणूला ही जात दाद देत नसे. भेंडी बाजारात विकण्यापेक्षा तिचे बी विकण्यात पैसा आहे, हे त्याने ताडले. मराठवाड्यात तेव्हा बी म्हणजे घरच्या कणगीतले नाहीतर शेजाऱ्याकडून उसने आणलेले. बी विकत घ्यायची वस्तू आहे, हेच मुळी पटवायला लागत होते.

१९६३ मध्ये राष्ट्रीय बीज महामंडळ स्थापन झाले. १९६४ मध्ये देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, प्रसारित झाली, आणि त्याच वर्षी बारवाल्यांनी ‘महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी’ काढली, पुढे सगळे जिला ‘महिको’ म्हणू लागले. पुढच्या वर्षी लुधियान्यात एचबी-१ ही संकरित बाजरी आली. सीएसएच-१ची आई होती सीके ६०-ए, म्हणजे कम्बाइन काफिर ६०. मिलोचे पेशीद्रव्य, त्यात काफिरचे केंद्रक, आणि उंची कम्बाइन यंत्राला सोयीची म्हणून बुटकी. टेक्सासच्या यंत्रासाठी घडवलेली ही आई मराठवाड्यात आली, जिथे ज्वारीच्या दाण्याइतकाच कडब्याचाही भाव असतो. तक्रारी व्हायच्या त्या झाल्याच. कडबा कमी, आणि पीक लवकर तयार होत असल्याने दाणा भरताना सप्टेंबरचा पाऊस गाठायचा. बुरशी येऊन ज्वारी काळी पडायची. भाकरीला चव नाही, असे घरोघरी ऐकू येई. तरी उतारा इतका, की वसंतराव नाईकांच्या सरकारने तिचा जोरात पाठपुरावा केला आणि ‘हायब्रीड’ गावोगाव पोचली.

कंपनी बियाणे पिकवणार कुठे? स्वतःची हजारो एकर जमीन कोणाकडेच नव्हती. मग आजूबाजूच्या शेतकऱ्यांनाच बीजोत्पादक केले गेले. जालन्याचे खरे वैशिष्ट्य मला यात दिसते. शास्त्र टेक्सासच्या आणि हैदराबादच्या संशोधन केंद्रांचे, पण ते शेतात राबवणारे लोक जालना, बदनापूर, पलीकडे देऊळगाव राजा अशा गावांतले, आणि त्यांतल्या अनेकांनी शाळेत पेशीचा धडाही पाहिलेला नसेल.

त्यांना कराव्या लागणाऱ्या गोष्टी वरकरणी साध्या, पण वेळ चुकली की हंगाम गेला. सीड प्लॉटपासून दोनशे मीटरच्या आत दुसरी ज्वारी नको. नर आणि मादी एकाच वेळी फुलोऱ्यात आले पाहिजेत. नर उशिरा निसवणारा असेल तर तो आठवडा-दहा दिवस आधी पेरायचा. मादीच्या ओळीत एखादे ताट उंच दिसले, पानाचा रंग वेगळा दिसला किंवा परागाची धूळ उडवताना सापडले, की तिथल्या तिथे उपटायचे. याला ‘भेसळ काढणे’ म्हणतात, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत हे काम रोज सकाळी उन्हे चढायच्या आत करावे लागते. पराग वेळेवर पोचला नाही तर मादीच्या उघड्या फुलांत ‘चिकटा’ रोगाची बुरशी शिरते आणि कणसातून मधासारखा चिकट द्रव गळू लागतो. १९६६ मध्ये बियाणे कायदा झाल्यावर प्रमाणीकरणाचे अधिकारी तपासणीला येऊ लागले. प्लॉट फेल झाला तर संकरित बियाण्याच्या भावाऐवजी मोंढ्यात धान्याचा भाव.

मादीच्या ओळीत परागच नाही, तर पुढच्या वर्षी मादीचे बी कुठून आणायचे? त्यासाठी तिची जुळी बहीण लागते. केंद्रक हुबेहूब तेच, फक्त पेशीद्रव्य निरोगी. तिचा पराग मादीला दिला की दोषी पेशीद्रव्याचे, परागहीन बी पुन्हा तयार. संशोधक यांना ए आणि बी वाण म्हणतात. तिसरा आर वाण, म्हणजे शेतातला नर. त्याच्या केंद्रकात असे जनुक असते की ते आईकडून आलेला दोष दाबून टाकते. अशा जनुकांची प्रथिने अनेक पिकांत तंतुकणिकेत जाऊन दोषी संदेशावर बसतात आणि तो वाचू देत नाहीत किंवा तोडून टाकतात. म्हणजे शेतकऱ्याच्या रानात डोलणाऱ्या हायब्रीडच्या प्रत्येक ताटात मिलोचा दोष असतोच, बापाचे जनुक त्याला वर येऊ देत नाही इतकेच. घरचे बी राखून पुन्हा पेरले तर पुढच्या पिढीत बापाचे ते जनुक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही; काही ताटे पुन्हा परागाविना निघतात आणि उंची, पक्वता, कणीस सगळेच विस्कटते. दरवर्षी दुकानात जावे लागते त्यामागे नफ्याचा हिशेब आहेच, पण तो उभा आहे या जीवशास्त्रावर.

हा दोष काम कसा करतो, हे सर्वांत बारकाईने उलगडले मक्यात, आणि तेही एका मोठ्या आपत्तीमुळे. मक्यातही टेक्सासमध्येच असे परागहीन पेशीद्रव्य सापडले होते. तुरा खुडायला लागणारी मजुरी वाचते म्हणून १९७० पर्यंत अमेरिकेतल्या सुमारे ८५ टक्के मक्यात तेच एक पेशीद्रव्य पोचले. त्या उन्हाळ्यात करपा रोगाच्या बुरशीचा एक नवा प्रकार दक्षिणेकडून वर सरकला आणि देशाचे जवळपास १५ टक्के पीक गेले. या पेशीद्रव्याचा मका करप्याला लवकर बळी पडतो, असे फिलिपिन्समधून १९६१ मध्येच सांगितले गेले होते. कोणी फारसे मनावर घेतले नाही.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत कारण कळले. त्या मक्याच्या तंतुकणिकेत एक नवे जनुक होते, दुसऱ्याच जनुकांचे तुकडे गोधडीसारखे जोडून बनलेले. त्यातून ११५ अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिन तयार होते आणि मिचेलने सांगितलेल्या त्या आतल्या पटलात जाऊन बसते. एरवी झाड त्याच्यासकट जगते, वाढते. पण करप्याचे विष पानात शिरले की हे प्रथिन त्याला धरते आणि पटलाला भोके पडतात. प्रोटॉनची दाटी ओसरते, एटीपी थांबते, पेशी मरते. बुरशी नसली तरी एका ठिकाणी झाडाला ते भारी पडते: परागकोशातल्या आतल्या पोषक थरात. पराग घडवण्याच्या त्या थोड्या दिवसांत या थराच्या पेशी तंतुकणिकांची संख्या वीस ते चाळीस पट वाढवतात, इतकी ऊर्जा लागते. पाने, मुळे, बीजकोश गळक्या पटलावर भागवून नेतात. परागाला ते परवडत नाही. थर कोसळतो आणि पराग उपाशी मरतो. ज्वारीतल्या मिलो पेशीद्रव्याची नेमकी यंत्रणा इतकी स्वच्छ उलगडलेली नाही, पण दोष तंतुकणिकेतला, याबद्दल शंका नाही.

अमेरिकेत मका करपत होता त्याच सुमारास आपल्याकडे बाजरी बसत होती. एचबी-१ आणि तिच्या मागून आलेल्या एचबी-३ वगैरे वाणांची आई एकच, जॉर्जियातल्या टिफ्टनहून आलेली टिफ्ट २३-ए. १९७०-७१ मध्ये देशाचे बाजरीचे उत्पादन ८० लाख टनांच्या घरात गेले आणि लगेच पुढच्या हंगामात गोसावी रोगाने कणसांच्या जागी हिरव्या पानांचे झुपके आणले. बाजरी पेरणाऱ्याला गोसावी नवा नव्हता, पण इतका पसरलेला त्याने कधी पाहिला नव्हता. अमेरिकेचा धडा ताजा असल्याने संशय साहजिकच पेशीद्रव्यावर गेला. पुढच्या तपासात मात्र ते निर्दोष ठरले. रोगाला बळी पडण्याचा गुण टिफ्टच्या केंद्रकातल्या जनुकांत होता. तंतुकणिका सुटली, पण एकच आई देशभर वापरण्याची सवय सुटली नाही; नव्या केंद्रकाच्या आया आल्या, पेशीद्रव्य बहुतेकींचे तेच राहिले.

कापसात ही युक्ती फारशी चालली नाही, आणि तिथे जालन्याच्या इतिहासात बायकांचे हात येतात. सुरतचे सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला, तो हातांनी केलेल्या संकराच्या बळावर. उद्या उमलणारी कळी आज दुपारी ओळखायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसकट परागकोशांची नळी सोलून काढायची, खूण म्हणून रंगीत कागद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे फूल आणून तिच्या कुक्षीवर फिरवायचे. नख खोल गेले तर बोंड गळते, वर राहिले तर परागकोश शिल्लक राहून भेसळ होते. हंगामभर रोज हेच. आज जालना-देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडीचे जे बीजोत्पादन चालते त्यातही ‘क्रॉसिंग’ला बहुतेक बायकाच असतात. यंत्रणेने पेशीतला दोष जिथे सापडला तिथे तो वापरला, सापडला नाही तिथे मजुरी वापरली.

बियाणे तयार झाले की ते गोदामात जाते, आणि तिथे वेगळी लढाई सुरू होते. बी निर्जीव दिसते पण आतला गर्भ श्वास घेत असतो, अगदी मंद. ओलावा आणि उष्णता वाढली की श्वसन वाढते, साठा खर्च होतो, पटले विटतात. ओलावा एक टक्क्याने कमी केला तर बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टनचा ठोकताळा आहे. म्हणून ज्वारीच्या बियाण्याला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा. मराठवाड्यातला मे महिना पाहता हे सोपे नाही.

कोणती खेप उगवेल हे पेरल्याशिवाय सांगणारी एक चाचणी बीज प्रयोगशाळांत होते. जर्मनीत गेओर्ग लाकोन यांनी ती १९४०च्या दशकात बसवली. दाणा रात्रभर भिजवायचा, पात्याने गर्भाच्या मधोमध उभा चिरायचा आणि टेट्राझोलियमच्या रंगहीन द्रावणात अंधारात ठेवायचा. काही तासांनी काढला तर जिवंत गर्भ लालबुंद झालेला असतो. श्वसनाची विकरे अन्नातून हायड्रोजन सोडवत असतात, तो या रसायनाला मिळतो आणि त्याचा लाल रंग होतो. मेलेला गर्भ पांढराच राहतो. आजारी असेल तर ठिपक्याठिपक्यांनी लाल. टोकाकडचे मूळ पांढरे असेल तर बाकी सगळे लाल असूनही तो दाणा बाद. पेशी ऊर्जा करते आहे की नाही, हे साध्या डोळ्यांनी दिसण्याच्या जागा फार थोड्या. ही त्यांतली एक.

बारवाल्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण मिळाला. २०१७ मध्ये ते गेले. पण त्या पुरस्काराच्या सुमारास जालन्याचे नाव गाजत होते ते दुसऱ्याच पटलामुळे. १९९६ मध्ये महिकोने मोन्सँटोकडून बीटी कापसाचे १०० ग्रॅम बियाणे आणले आणि त्यातले क्राय१एसी हे जनुक पुनःपुन्हा संकर करून आपल्या वाणांत उतरवले. मूळ जनुक बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे. त्याचे प्रथिन बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते, तिथल्या विकरांनी कापले जाऊन जागे होते, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटते आणि पेशीपटलाला भोके पाडते. पेशी फुगून फुटतात, अळी खाणे थांबवते. २६ मार्च २००२ रोजी तीन वाणांना परवानगी मिळाली. दहा-बारा वर्षांत देशातल्या ९० टक्क्यांहून अधिक कापसावर बीटी पसरला. अमेरिकन बोंडअळीवरची फवारणी खरोखरच घटली, हे नाकारण्यात अर्थ नाही. गुलाबी बोंडअळी मात्र शिकली. आधी गुजरातेत क्राय१एसीला, मग दोन जनुकांच्या वाणालाही ती दाद देईनाशी झाली आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडे फोडली तर आत अळी, हे चित्र दिसले. एकच गोष्ट सगळीकडे पेरली की काय होते, हे १९७० मध्ये मक्याने दाखवले होते. इथे पीक दुसरे, कीड दुसरी, चूक तीच.

खरिपातली ज्वारी आता मराठवाड्यातून जवळजवळ उठली. तिच्या जागी सोयाबीन आणि कापूस. ज्वारी-बाजरीच्या संकरित बियाण्याचे बरेच उत्पादनही तेलंगण-आंध्राकडे सरकले. टिकली ती रब्बीची ज्वारी, आणि तिथे हायब्रीडला कधीच पाय रोवता आला नाही. थंडीच्या रात्रींत आर वाणाचे जनुक दोष पुरता दाबू शकत नाही, कणसे अर्धवट भरतात. खोडमाशीही जास्त, आणि दाण्याला मोत्यासारखी चमक नाही. शेतकरी मालदांडीच पेरत राहिला, मोहोळच्या केंद्रात १९३०च्या दशकात निवडलेली एम ३५-१, आणि बी अनेकदा घरचेच.

पुढे संशोधकांनी या मालदांडीचे पेशीद्रव्य दुसऱ्या केंद्रकांशी जोडून पाहिले, तेव्हा तिच्यातही परागहीनता निघाली. मिलोपेक्षा वेगळ्या जातीची, अस्सल इथली. वर्गवारीत तिला ए४ गटात मालदांडीच्याच नावाने जागा मिळाली. वापर मात्र जवळपास नाही, कारण तिचा दोष दाबणारे नर फार थोड्या वाणांत सापडतात. खरिपाच्या हायब्रीडचे बी आजही मिलोच्याच आईचे असते.